‘हायर’ अँटिबायोटिक आणि बिस्किटांचा डबा : एका प्रकरणाचा अभ्यास

शनिवारी रात्री साडेनऊच्या सुमारास आजींना आमच्या इस्पितळात आणलं, तेव्हा त्यांना एवढी हुडहुडी भरली होती की स्ट्रेचरची लोखंडी पट्टी खडखड वाजत होती. वय ६८, मधुमेह जुना, राहणार गोव्यात, डिचोली तालुक्यातल्या एका गावी. ताप १०३, रक्तदाब ८६/५०, साखर ३४० च्या वर, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन २.३. उजव्या कुशीला हात लावू देत नव्हत्या. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

मी इथल्या प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्र बघते. रुग्ण माझ्याकडे येतो तो बाटलीतून आणि प्लेटवरून. चेहरा बहुतेक वेळा दिसतच नाही. आजींच्या बाबतीत चेहरा दिसला, कारण त्यांचा मुलगा रविवारी सकाळी थेट प्रयोगशाळेच्या खिडकीशी येऊन उभा राहिला. काखेत बिस्किटांचा निळा गोल डबा होता, ज्यात एरवी सगळ्या घरांत सुई-दोरा सापडतो तसला.

“मॅडम, वॉर्डात विचारलं आधी कुठली औषधं झाली. मला नावं नाही सांगता येत. म्हणून सगळंच आणलं.”

डब्यात रिकाम्या पाकिटांचा ढीग होता. आईच्या औषधांचं एकही पाकीट त्यांनी टाकलं नव्हतं. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही. मी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि आम्ही दोघांनी ती पाकिटं महिन्यावार लावली.

एप्रिलमध्ये दुसऱ्या एका ठिकाणी आजींचा मूत्रवाहिनीतला खडा दुर्बिणीतून काढला होता आणि आत डीजे स्टेंट, म्हणजे मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत जाणारी लवचिक नळी, ठेवली होती. चार आठवड्यांनी काढायला या, असं कार्डावर लिहिलं होतं. मे महिन्यात घरात लग्न निघालं. जूनमध्ये पेरणी. मग पाऊस. मग चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली आणि आजी म्हणाल्या, माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची आरास) बांधून होईपर्यंत मी कुठे जायची नाही. नळी सप्टेंबर संपत आला तरी आतच होती. मधल्या काळात दर तीन-चार आठवड्यांनी जळजळ, ताप, गोळ्या, बरं वाटणं आणि पुन्हा जळजळ.

पाकिटांतून निघालेली यादी अशी : ‘६२५’ (ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनिक) तीन वेळा, सेफिक्झिम-क्लॅव्युलॅनिक दोन वेळा, सेफिक्झिम-ऑफ्लॉक्सासिन एकदा, नायट्रोफ्युरँटॉइन अर्धवट सोडलेलं एकदा, आणि सेफोपेराझोन-सल्बॅक्टमच्या इंजेक्शनची तीन रिकामी खोकी. पाच महिन्यांत आठ कोर्स. पहिल्या दोनांना चिठ्ठी होती, आणि इंजेक्शनं गावच्या दवाखान्यात घेतलेली. बाकीच्या गोळ्या जुनी चिठ्ठी दाखवून किंवा नुसतं नाव सांगून आणल्या होत्या. सेफिक्झिम हे शेड्यूल एच-१ मधलं औषध आहे. मार्च २०१४ पासून ते विकताना दुकानदारानं डॉक्टरांचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची, असा नियम आहे. ‘६२५’ त्या यादीत नाही. वहीचा विषय मी मुलाकडे काढला नाही. त्याच्या तोंडावर आधीच पुरेसा अपराध दिसत होता.

यादीकडे बघताना एक गोष्ट डोळ्यात भरली. आठपैकी सहा कोर्समध्ये रोधक होता, म्हणजे जिवाणूचं एन्झाइम अडवणारं जोडऔषध. क्लॅव्युलॅनिक ॲसिड पाच वेळा, सल्बॅक्टम एकदा. मुलगा मात्र म्हणत होता, “दर वेळी आधीपेक्षा हायर दिलं, मॅडम.” हा ‘हायर’ शब्द मी दिवसातून दहा वेळा ऐकते. पेशंट म्हणतात, फार्मसीवाले म्हणतात, आमचे रेसिडेंटही म्हणतात. जणू अँटिबायोटिकचा एक जिना आहे आणि आजार मोठा झाला की आपण एक पायरी वर चढायचं. आजींच्या आठवड्याभरात याच शब्दानं आमचा एक दिवस खाल्ला.

त्याआधी डब्यातली आणखी एक वस्तू. सकाळ-दुपार-रात्र अशा कप्प्यांची प्लॅस्टिकची डबी. मुलानं आईच्या सोयीसाठी गोळ्या पाकिटातून काढून तिच्यात भरल्या होत्या. एका कप्प्यात ‘६२५’ च्या दोन गोळ्या उरल्या होत्या. पांढऱ्या असायला हव्यात. या पिवळसर झाल्या होत्या, कडेला तपकिरी ठिपके होते आणि नखानं टोकरलं तर भुगा निघत होता. ‘६२५’ म्हणजे ५०० मिलिग्रॅम ॲमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्युलॅनिक ॲसिड. यातलं दुसरं ओलाव्याला भलतंच हळवं आहे. म्हणून ही गोळी जाड ॲल्युमिनियमच्या पाकिटात येते आणि ऐन गरजेच्या वेळीच बाहेर काढायची असते. लहान मुलांचं याच औषधाचं सिरप पाण्यात कालवल्यावर फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यात संपवायला सांगतात, ते त्याचमुळे. गोव्याच्या जुलैत जिथे मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तिथे उघड्या डबीत क्लॅव्युलॅनिक किती दिवस टिकणार? आजींनी त्या गोळ्या वेळेवर घेतल्या असतील, पण निदान काही दिवस तरी त्यांच्या पोटात नुसतं ॲमॉक्सिसिलिन जात असावं. रोधक डबीतच गेलेला.

आता हा रोधक करतो काय, ते थोडं सावकाश सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

जिवाणूभोवती भिंत असते आणि तिचं बांधकाम सतत चालू असतं. बांधणारी प्रथिनं म्हणजे गवंडी समजा. ॲमॉक्सिसिलिन, सेफिक्झिम, पिपरासिलिन, मेरोपेनेम या सगळ्यांत चार अणूंचं एक ताणलेलं कडं असतं, बीटा-लॅक्टम कडं. गवंडी ते वीट समजून उचलतो, कडं फुटतं आणि औषध त्याच्या हाताला चिकटून बसतं. काम थांबतं, भिंत खचते, जिवाणू मरतो. बीटा-लॅक्टमेज ही जिवाणूची एन्झाइमं (शाळेच्या पुस्तकातली विकरं) हेच कडं फोडतात, पण औषधाला हाताशी राहू देत नाहीत. पाण्याचा एक रेणू मध्ये घालून ती हात झटकतात आणि पुढचं सावज धरतात. टेम-१ नावाचं एन्झाइम पेनिसिलिनचे रेणू सेकंदाला हजाराच्या घरात कापतं. पेनिसिलिन फोडणाऱ्या अशा एन्झाइमची नोंद अब्राहम आणि चेन यांनी १९४० मध्येच केली होती, म्हणजे पेनिसिलिन सर्रास वापरात यायच्याही आधी.

क्लॅव्युलॅनिक ॲसिड १९७० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिस क्लॅव्युलिजेरस या मातीतल्या जिवाणूत सापडलं. ते स्वतः जंतू मारण्यात अगदीच दुबळं. पण त्यातही तेच कडं आहे, त्यामुळे एन्झाइम त्याला सावज समजून धरतं आणि मग सुटका होत नाही. कडं फुटल्यावर रेणू आतल्या आत असा काही बदलतो की एन्झाइमच्या सेरीन या अमिनो आम्लाला जखडून बसतो. दोघंही संपतात. सौदा तसा महाग आहे : एक टेम-१ कायमचं बंद करायला क्लॅव्युलॅनिकचे शंभराहून जास्त रेणू खर्ची पडतात. सल्बॅक्टम आणि टॅझोबॅक्टम याच जातीचे. ॲव्हिबॅक्टम निराळं. त्यात बीटा-लॅक्टम कडंच नाही. ते एका रेणूला एक रेणू या हिशेबानं सेरीनला जाऊन बसतं आणि सुटलं तरी बहुतांशी न मोडता सुटतं, म्हणजे पुन्हा जाऊन बसायला मोकळं. ते फेब्रुवारी २०१५ मध्ये सेफ्टाझिडिमच्या जोडीनं अमेरिकेत मंजूर झालं.

या सगळ्या रोधकांची युक्ती सेरीनवर अवलंबून आहे. जिथे सेरीन नाही, तिथे चिकटायचं कशाला?

रविवार. सकाळी सव्वानऊला मशीननं रक्ताच्या कल्चरची बाटली वाजवली, म्हणजे आत जिवाणू वाढल्याचा इशारा दिला, दाखल झाल्यापासून बारा तासांच्या आत. मधुमेही माणसाच्या रक्तात जिवाणू इतक्या लवकर वाढले की माझ्या पोटात गोळा येतो. ग्रॅम स्टेनमध्ये गुलाबी, जाडसर दांड्या दिसल्या. आदल्या रात्री आयसीयूनं पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम सुरू केलं होतं. मी फोन करून डब्यातली यादी वाचून दाखवली. आयसीयूच्या सरांनी लगेच ते थांबवून मेरोपेनेम लावलं, आणि माझ्या मते ते बरोबर होतं. २०१८ मध्ये ‘मेरिनो’ चाचणीचे निकाल आले. सेफ्ट्रियाक्सोनला न जुमानणारे ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला रक्तात असलेले रुग्ण त्यात होते. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम घेतलेल्यांपैकी १२.३ टक्के तीस दिवसांत दगावले आणि मेरोपेनेम घेतलेल्यांपैकी ३.७ टक्के. कागदावर टॅझोबॅक्टम ईएसबीएल एन्झाइमं, म्हणजे सेफ्ट्रियाक्सोनसारखी औषधंही फोडणारी बीटा-लॅक्टमेज, अडवतं. पण जिवाणूंची संख्या मोठी असली, किंवा त्यांच्याकडे ऑक्सा-१ सारखं आणखी एक एन्झाइम असलं, तर ते अपुरं पडतं.

त्याच संध्याकाळी युरॉलॉजीच्या डॉक्टरांनी पाठीतून मूत्रपिंडात सुई घालून नळी बसवली. सोनोग्राफीत मूत्रपिंड फुगलेलं होतं आणि आतल्या स्टेंटवर खड्यांची पुटं चढली होती. नळीतून आधी पू आला, मग गढूळ लघवी. या प्रकरणात सर्वांत मोलाचं एक काम निवडायचं झालं तर मी हेच निवडेन, आणि ते माझ्या खात्याचं नाही. तुंबलेल्या पुवात कुठलंही औषध धड पोचत नाही.

बाटलीतलं रक्त मी सकाळीच थेट प्लेटवर पसरून डिस्क, म्हणजे औषध मुरवलेल्या कागदी चकत्या, ठेवल्या होत्या. सोमवारी सकाळी झाकण उघडलं तर गवताची हिरवळ थेट डिस्कच्या कडेपर्यंत यावी तशी वाढ सगळीकडे. मेरोपेनेमच्या डिस्कभोवतीही झोन, म्हणजे वाढ थांबलेलं वर्तुळ, नाही. मॅकॉन्की प्लेटवर गुलाबी, बुळबुळीत कॉलनी. लूप उचलला की तार धरतात. क्लेब्सिएला न्युमोनिए.

इथे आमची चूक झाली, ती सांगायलाच हवी. कार्बापेनेम, म्हणजे मेरोपेनेमच्या गटातली औषधं, फोडणारं एन्झाइम कुठलं आहे ते पंधरा मिनिटांत दाखवणाऱ्या पट्ट्या मिळतात, गर्भचाचणीच्या पट्टीसारख्या, पाच एन्झाइमांच्या पाच रेषा. त्या पट्ट्या आमच्याकडे संपल्या होत्या आणि नवी मागणी कागदावरच पडून होती. मी फोनवर आयसीयूला एवढंच म्हटलं, “मेरोपेनेम चालत नाही, कार्बापेनेमेज दिसतंय, प्रकार उद्या सांगते.” पलीकडे रेसिडेंट होती. हुशार मुलगी, सलग छत्तीस तास जागी.

“मॅम, मग हायर काय उरलं? सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम?”

“प्रकार कळल्याशिवाय...”

“मॅम, बीपी अजून नॉरॲड्रिनॅलिनच्या आधारावर आहे.”

मी पुढे बोलले नाही. त्या क्षणी माझ्या हातात दुसरं नाव, ॲझट्रिओनॅम, नव्हतं असं नाही. दोन्ही एकदम सुरू करा, असं मला म्हणता आलं असतं. म्हटलं नाही, कारण दुसरं औषध आमच्या फार्मसीत ठेवत नाहीत आणि पहिल्याचीच किंमत ऐकून मुलगा गप्प झाला होता. संध्याकाळी सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम लागलं. कोलिस्टिनचा विचार झाला आणि मूत्रपिंडाची हालत बघून बाजूला ठेवला गेला.

त्या दुपारी मी दोन गोष्टी लावल्या. पहिली चाचणी अशी : मेरोपेनेमची डिस्क रुग्णाच्या जिवाणूसह द्रवात चार तास भिजत ठेवायची. जिवाणूकडे एन्झाइम असेल तर तो डिस्कमधलं औषध खाऊन टाकतो. मग ती डिस्क एका गरीब, सगळ्या औषधांना मानणाऱ्या ई. कोलायच्या प्लेटवर ठेवायची. औषध शिल्लक असेल तर झोन येतो. खाल्लेलं असेल तर येत नाही. सोबत दुसरी नळी तशीच, पण तिच्यात ईडीटीए. हे रसायन धातूचे अणू पकडून ठेवतं. ईडीटीए घातल्यावर औषध वाचलं, तर चोर धातूवर जगणारा आहे असं कळतं.

मंगळवारी सकाळी साध्या नळीतल्या डिस्कला झोन शून्य. ईडीटीएच्या नळीतल्या डिस्कला १८ मिमी.

म्हणजे मेटालो-बीटा-लॅक्टमेज. आपल्याकडे याचा अर्थ बहुधा एनडीएम, नवी दिल्लीचं नाव लागलेलं. भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात ते सापडलं आणि २००९ मध्ये त्याचं वर्णन छापलं गेलं. पुढच्या वर्षी नावावरून बराच गदारोळ झाला. नाव राहिलं, एन्झाइमही राहिलं. त्याच्या पोटात जस्ताचे दोन अणू असतात. ते पाण्याचा रेणू धरून ठेवतात आणि त्या पाण्यानंच बीटा-लॅक्टम कडं कापतात. सेरीनचा संबंध नाही. त्यामुळे क्लॅव्युलॅनिक, सल्बॅक्टम, टॅझोबॅक्टम आणि काल रात्रीपासून आजींच्या शिरेत चाललेलं ॲव्हिबॅक्टम, कुणालाच तिथे पकडायला जागा नाही. सर्वांत ‘हायर’ आणि सर्वांत महाग औषध सोळा तास रक्तात फिरत होतं, आणि त्याच्या जोडीचं सेफ्टाझिडिम एनडीएम आरामात कापत होतं. सकाळी काढलेल्या रक्ताची बाटलीही पुढे वाजली. नळी बसून छत्तीस तास उलटूनही रक्तात जिवाणू होते.

मी लावलेली दुसरी गोष्ट साधी होती, आणि या धंद्यात वीस वर्षं काढूनही ती बघताना मला मजा वाटते. एकाच प्लेटवर जवळजवळ दोन डिस्क ठेवल्या : एक सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टमची, दुसरी ॲझट्रिओनॅमची. ॲझट्रिओनॅम जुनं औषध, १९८० च्या दशकातलं. एनडीएमला ते कापता येत नाही, एवढा एकच त्याचा मोठा गुण. पण एनडीएमवाले जिवाणू सहसा एकटं एन्झाइम बाळगत नाहीत. सोबत ईएसबीएल असतं आणि ते ॲझट्रिओनॅम कापतं. ईएसबीएल सेरीनवालं. त्याला ॲव्हिबॅक्टम अडवू शकतं.

प्लेटवर दोन्ही डिस्कच्या बाहेरच्या कडांना वाढ अगदी टेकलेली होती. मधल्या पट्टीत मात्र, जिथे दोघांची औषधं पाझरून एकमेकांना भेटत होती, तिथे एका शिंपलीएवढी स्वच्छ जागा. काच दिसत होती. मी टेक्निशियनला बोलावलं, तो म्हणाला, “मॅडम, फोटो काढू?” काढला. प्लेटचा भरवसा पुरेसा नाही म्हणून चार नळ्यांची चाचणीही लावली होती : एक कोरी, एकीत ॲझट्रिओनॅमची डिस्क, एकीत सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टमची, चौथीत दोन्ही. पहिल्या तीन ताकासारख्या गढूळ. चौथी नितळ.

या वेळी मी फोन केला नाही, जिना उतरून आयसीयूत गेले. सर प्लेटकडे बघत म्हणाले, “म्हणजे ॲव्हिबॅक्टम ठेवायचं, पण सेफ्टाझिडिमसाठी नाही.” नेमकं तेच. महागातल्या बाटलीतलं अँटिबायोटिक फुकट जाणार होतं; आम्हाला हवा होता फक्त त्यातला रोधक, तोही तिसऱ्याच औषधाच्या रक्षणासाठी. रेसिडेंटनं विचारलं, “मग दोन्ही एकामागून एक देऊ?” नाही, एकाच वेळी. ॲझट्रिओनॅम रक्तात असेल त्याच वेळी ॲव्हिबॅक्टमही असायला हवं. एक येऊन गेल्यावर दुसरं आलं तर रखवालदार दुपारी आणि चोर सकाळी, अशी गत.

ॲझट्रिओनॅम पणजीच्या एका फार्मसीत मिळालं. नातू स्कूटरवर गेला, भर पावसात मांडवी ओलांडून दोन तासांत परत आला, कुपी रेनकोटच्या आत छातीशी धरलेल्या. संध्याकाळी सहाला दोन्ही सलाईनं एकदम सुरू झाली. मूत्रपिंडाप्रमाणे मात्रा कमी करायची का, यावर थोडी ओढाताण झाली. पहिले दोन दिवस पूर्ण मात्रा द्यायची आणि क्रिएटिनिनवर डोळा ठेवायचा, असं ठरलं. तीव्र संसर्गात क्रिएटिनिन झपाट्यानं सुधारतं आणि आधीच कमी केलेली मात्रा नेमकी तेव्हा तोकडी पडते, या सरांच्या म्हणण्याशी मी सहमत होते.

गुरुवारी पहाटे नॉरॲड्रिनॅलिन सुटलं. दुपारी मुलगा खिडकीशी आला, “मॅडम, जोर देंवला.” कोकणीत जोर म्हणजे ताप. शुक्रवारचं रक्त स्वच्छ निघालं. त्याच सुमारास आमच्या पट्ट्याही आल्या. उगाच पैसे कशाला घालवायचे, म्हणत म्हणत मी एक लावलीच : एनडीएमच्या जागी ठळक रेष, बाकी चार जागा कोऱ्या.

मासिक बैठकीत हे प्रकरण मांडलं तेव्हा पहिला प्रश्न अपेक्षित होता : आजी बऱ्या झाल्या त्या औषधानं की पाठीतल्या नळीनं? प्रामाणिक उत्तर असं की एका रुग्णावरून हे वेगळं काढता येत नाही. रविवारी नळी बसली, मंगळवारी रक्तात जिवाणू होतेच, आणि जोडी सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी गेले. माझा कल जोडीकडे आहे, पण पू आत असता तर जोडीनंही हात टेकले असते.

दुसरा प्रश्न एका तरुण फिजिशियनचा होता. चेन्नईच्या ऑर्किड कंपनीत शोधलेलं एन्मेटाझोबॅक्टम फेब्रुवारी २०२४ मध्ये सेफेपिम या अँटिबायोटिकबरोबर अमेरिकेत मंजूर झालं. आपल्याच देशातलं औषध, ते इथे चाललं असतं का? अभिमानाची गोष्ट खरीच, पण ते टॅझोबॅक्टमचं सुधारलेलं भावंड आहे. ईएसबीएलसाठी उत्तम, जस्तासमोर निरुपयोगी. व्हॅबोरबॅक्टम आणि रेलेबॅक्टमचंही तेच. टॅनिबोरबॅक्टम मात्र एनडीएमलाही अडवतं. वोखार्टचं झिडेबॅक्टम आणखी निराळं : ते जस्ताच्या वाटेला जातच नाही, स्वतःच एका गवंड्याला धरतं आणि सेफेपिमला दुसरीकडून वाट करून देतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठानं २०१४ मध्ये एका बुरशीतून ॲस्परगिलोमॅरास्मिन-ए काढलं. ते एनडीएममधलं जस्तच ओढून घेतं. प्रयोगात छान, रुग्णापर्यंत पोचलेलं नाही. आम्ही दोन सलाईनं लावून जे केलं तेच एका कुपीत, म्हणजे ॲझट्रिओनॅम-ॲव्हिबॅक्टम, युरोपात २०२४ मध्ये आणि अमेरिकेत २०२५ च्या फेब्रुवारीत मंजूर झालं.

मी एक इशाराही दिला. आमचा जिवाणू क्लेब्सिएला होता म्हणून गणित सरळ सुटलं. भारतातल्या एनडीएमवाल्या ई. कोलायमध्ये पीबीपी-३ या गवंड्याच्याच हातात चार अमिनो आम्लांची भर पडलेली बऱ्याचदा सापडते. ॲझट्रिओनॅमला तिथे नीट बसता येत नाही. अशा वेळी ॲव्हिबॅक्टम आपलं काम चोख करतं, एन्झाइम गप्प असतं, तरीही औषध कमी पडतं. रोधक फक्त कापणाऱ्याला अडवतो. म्हणून एनडीएम दिसलं की डोळे मिटून ही जोडी लावायची, असा नवा जिना कुणी बांधू नये. चार नळ्या लावून बघाव्यात.

बैठकीनंतर दोन बदल झाले. पट्ट्यांचा साठा पाचाच्या खाली गेला की मागणी आपोआप निघते. आणि आमच्या रिपोर्टवर, एस (औषध चालतं) आणि आर (चालत नाही) या रकान्यांच्या वर, एक ओळ आली : ‘एन्झाइमचा प्रकार’. रेसिडेंट आता फोनवर हायर विचारत नाही, “मॅम, सेरीन की जस्त?” असं विचारते. वॉर्डातल्या सिस्टरना हे कोडं कधीच कळलेलं नाही.

तीन आठवड्यांनी पुटं चढलेला स्टेंट निघाला. प्रक्रियेत रक्त येतं, जिवाणू रक्तात जाऊ शकतात, म्हणून त्या दिवसापुरती दोन्ही औषधं दिली. नळीचा तुकडा माझ्याकडे आला. भिंगाखाली मातकट कवच आणि आतून चिकट थर. त्यातून तोच क्लेब्सिएला उगवला, इतक्या औषधानंतरही.

दोन महिन्यांनी मुलाचा फोन. गावच्या दवाखान्यात मधुमेहाच्या तपासणीबरोबर कुणीतरी लघवीचं कल्चरही पाठवलं होतं. “मॅडम, तोच जंतू आलाय. परत ती दोन इंजेक्शनं?”

“आजींना ताप आहे? जळजळ? कुशीत दुखतं?”

“काहीच नाही. काल स्वयंपाक करून सगळ्यांना वाढला.”

मग औषध नाही. जिवाणू तिथे आहे, आतड्यातही असणार, कदाचित बरेच महिने. त्रास नसताना त्याला हुसकावायला गेलं तर तो जात नाही, फक्त ॲझट्रिओनॅमलाही दाद न द्यायला शिकतो. हे पटवायला मला वीस मिनिटं लागली. रिपोर्टवर सगळीकडे आर असताना काही न करणं, हे मुलासाठी फार अवघड होतं. ताप आला किंवा कूस दुखली तर मात्र त्याच दिवशी आणा, आणि येताना हा रिपोर्ट दाखवा, असं दोनदा सांगितलं.

फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, डब्यात अजून नायट्रोफ्युरँटॉइनच्या आठ गोळ्या आहेत आणि ते दोन डाग पडलेले ‘६२५’, त्यांचं काय करू? इकडे आणा, आमच्या पिवळ्या पिशवीत जातील. दुसऱ्या आठवड्यात ते आले, खिडकीतून डबा दिला, मी गोळ्या काढून घेतल्या. पाकिटंही टाकून देऊ का म्हटलं तर हो म्हणाले, पण डबा परत मागितला. आजींना सुई-दोऱ्यासाठी हवा होता.